गिरीजच्या द्राक्षांची वाइन

७ फेब्रुवारी १९५४, रविवार

उशिराबद्दल माफी असावी. ही डायरी रिटाने मला नाताळात दिली. म्हणाली, "बाबा, एक जानेवारीपासून रोज लिहा. काळजी कागदावर गेली की पोटातली जळजळ कमी होईल." रिटा माझी मुलगी, वांद्र्याला शाळेत शिकवते, म्हणून तिला असले उपाय ठाऊक. आज फेब्रुवारीची सात तारीख. मागची पानं कोरी राहिली त्याचीही माफी मागतो. कोणाकडे मागायची कळत नाही, पण मागतो. मी चौथीपर्यंत शिकलो. हात कापतो तो वयाने, शुद्धलेखनाच्या भीतीने नाही. थोडा भीतीनेही असेल.

काळजी कसली ते लिहून ठेवतो. माझा मुलगा बेसिल नाशिककडे घाटावर एका मिशनच्या द्राक्षबागेत मुकादम आहे. तिथे देवळातल्या मिस्सासाठी वाइन करतात. तो तिथे गेला तेव्हा मी म्हटलं, वर्षभर राहील. आता सहावं वर्ष. मागच्या नाताळात दोन दिवस आला आणि जाताना हसत म्हणाला, "बाबा, ज्या दिवशी आपले फादर तुमच्या द्राक्षांची वाइन मिस्साला घेतील, त्या दिवशी ट्रंक उचलून घरी येतो."

तो हसला. मी हसलो नाही. मी ते वचन धरलं आहे. माझी बायको मार्थाही हसली नाही, चुलीकडे बघत बसली.

द्राक्षाच्या काड्या त्यानेच दिलेल्या. मी इथे गिरीजच्या वाडीत पानवेलीचा अर्धा मांडव मोडून लावल्या. आता तिसरं वर्ष. वेल असा माजला आहे की बघणाऱ्याचे डोळे फाटावेत. आणि कालपासून घोसही दिसायला लागले आहेत. थोडे आहेत, पण आहेत. मला विश्वासच बसेना. तीनदा जाऊन बघून आलो.

८ फेब्रुवारी

शेजारचा जयराम कुंपणावरून म्हणाला, "सिप्रूदादा, माडाचे झाप घालून सावली केलीय, सकाळ-संध्याकाळ रहाट चालू. या द्राक्षाची तुम्ही वाइन करणार की विडा लावणार?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाने आणि माझ्या बापाने असाच वेल वाढवला."

"ती पानवेल होती, दादा."

वेल तो वेल. जयरामला सगळ्यात थट्टा सुचते.

पण खरं लिहायचं तर बेसिलनेही वेगळंच सांगितलं होतं. म्हणाला होता, पाऊस संपला की महिनाभर पाणी तोडा, मुळावरची माती काढा, मुळ्या उन्हात उघड्या पडू द्या, मग सगळ्या फांद्या छाटा. "बाबा, द्राक्षाला उंची लागते. घाटावर रात्र गार पडते, वेलाला झोप येते. आपल्याकडे समुद्रकाठी रात्रही दिवसासारखीच. वेल झोपतच नाही."

मी म्हटलं, "झोप मलाही लागत नाही. म्हणून मला काय फळ धरलं नाही? तू आणि रिटा कुठून आलात?"

मागच्या ऑक्टोबरात मी चार दिवस पाणी तोडलं. पाचव्या दिवशी पानं मलूल दिसली. वाडीतलं बावखलाचं तळं काठोकाठ भरलेलं आणि त्याच्या शेजारी झाड तहानलेलं, हे या डोळ्यांनी कसं बघावं? दुपारी सगळे आडवे झाले की मी घागरीने पाणी घालायचो. छाटणी म्हणून शेंडे खुडले. वेल मेला नाही, घोस आले. मग कोणाचं खरं?

२१ फेब्रुवारी

पाचूबंदरची कोळीण रोझलिन सुक्या मासळीचं खत घेऊन आली. मी सगळं द्राक्षाला घाल म्हटलं तर ती टोपली खाली ठेवून हसायलाच लागली. "सिप्रूबाबा, तुज्या वाइनला बोंबलाचा वास येल! फादर मिस्सा करील का कालवण?"

"तू पाटी ओत."

"ओतते. पन मंग वरून पानी नको घालू रोज. कुजल."

पाणी घातलंच. खत घालून पाणी न देणं म्हणजे पाहुण्याला सुकं खारं वाढून घोट न देणं.

१० मार्च

आज सकाळी वाडीत गेलो आणि जागच्या जागी बसलो. पानांवर, घोसांवर कोणी पीठ शिंपडल्यासारखं पांढरं. बोट लावलं तर बोटाला आलं. निम्मे घोस असे. काही मणी तडकून आतलं पाणी गळतंय, त्यावर माश्या. परवापर्यंत काही नव्हतं. समुद्राकडून दोन दिवस ओला वारा आला, तेवढंच.

मार्थाला हाक मारली आणि बोट तिच्यापुढे धरलं.

११ मार्च

वाचलेले घोस उतरवले. मणी मोठा, अगदी करवंदाच्या दुप्पट. तोंडात टाकला. गोड म्हणावं तर गोड नाही, आंबट म्हणावं तर आंबटही नाही. पाणी. आपल्याच बावखलाचं पाणी, साल लावलेलं. मी दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. एखादा तरी गोड निघेल म्हणून खात राहिलो. शेवटी मार्थाने टोपली ओढून घेतली. म्हणाली, "वाइनला तरी शिल्लक ठेवा."

१९ मार्च, सेंट जोसेफचा सण

आज द्राक्षं चिरडली. दारूबंदीचे दिवस, वाइनचं नाव काढलं तरी पोलिसाची टोपी दिसते. पण मिस्सासाठी देवळाला परवानगी आहे. फादरांनी देवळामागच्या खोलीत बरण्या ठेवायला दिल्या. फादर तरुण आहेत, पण माणूस सरळ. म्हणाले, "सिप्रू, नियम एकच. द्राक्षाचा रस, दुसरं काही नाही. वेदीवर जायची आहे ती."

मी छातीवर क्रूस करून हो म्हटलं.

मार्था मदतीला होती. रस काढला तो इतका फिका की मला घाम फुटला. मार्थाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही घरी जाऊन धुतलेलं फडकं घेऊन या." मी म्हटलं, फडकं इथे आहे की. "ते नाही, दुसरं." मी गेलो आणि आलो. तोवर तिने बरण्यांची तोंडं बांधून टाकली होती. मग दुसरं फडकं कशाला आणवलं? विचारलं तर म्हणाली, "असू द्या."

बाईमाणसाचं काही कळत नाही.

१६ मे

बेसिलचं पत्र आलं. बरा आहे. तिथे द्राक्ष उतरलं, वाइन उत्तम झाली. आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी असतील तर पाठवा म्हणतो. मी हादरलो. मे महिन्यातही त्याला अंगावर घ्यायला लागतं म्हणजे तिथे थंडी किती असेल? लाजेने घोंगडी मागत नाही, लुगडी मागतो. मी मार्थाला म्हटलं, माझी चांगली घोंगडीच पाठव. तिने आणि रिटाने एकमेकींकडे बघितलं. लुगडीच गेली.

६ जून

बरण्यांत बुडबुडे येऊन थांबले. फादर म्हणाले आता पावसाळाभर हात लावायचा नाही. मी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मागे जाऊन दाराला कान लावतो. काही ऐकू येत नाही. ऐकू येऊ नये हेच बरं म्हणतात.

२२ ऑगस्ट

घरात सकाळपासून तुपाचा वास. मार्था डिंकाचे लाडू करते आहे. कोणासाठी विचारलं तर म्हणाली, "बेसिलला पाठवायचे. कंबर धरते त्याची." ही आणखी एक धास्ती. तिशीतल्या पोराची कंबर धरते म्हणजे काय? ओझी उचलवत असतील. मी म्हटलं, कळवा त्याला, कंबर धरते तर घरीच ये. मार्था लाडू वळत होती. डोळे पुसले. मी म्हटलं, "रडू नको. वाइन होऊ दे, येईल तो." ती आणखीनच रडली.

१० ऑक्टोबर, रविवार

कसंबसं लिहितो.

आज मिस्सा झाल्यावर फादरांनी बरणी उघडली. मी, मार्था आणि गंमत बघायला जयराम. देवळात यायचं म्हणून त्याने धुतलेली टोपी घातली होती. फादरांनी पेला उजेडात धरला. रंग चांगला, तांबूस. वास घेतला. घोट घेतला. मग पेला पुन्हा उजेडात धरला.

"फादर, आंबली का?"

"नाही, सिप्रू. फार चांगली झालीय. म्हणूनच विचारतो." पेला खाली ठेवला. "मार्च महिन्यात मी तुझे मणी खाल्ले होते. त्या मण्यांत एवढी ताकद नव्हती. काय घातलंस?"

मी म्हटलं, "देवाशपथ, काही नाही!" देवळात शपथ घातली मी. मोठ्याने.

मागून मार्था म्हणाली, "साखर घातली. पाक करून."

मार्थाच पुढे म्हणाली, "जांभळाची वाइन करतो त्यात घालतोच की. आईने शिकवली तशी. साखरेशिवाय वाइन होते का कुठे? आणि यांचं तोंड बघवेना मला."

फादर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "नाताळाला, लग्नाला, पहिल्या प्रतीची वाइन आहे, मार्थाबाय. पण वेदीवर घेता येणार नाही. हीच काय, पुढच्या वर्षीही नाही येणार असं वाटतं. साखर घालावी लागते, कारण द्राक्षातच ती नाही. हवा नाही ती आपली."

जयरामला थट्टा करायला चांगली संधी होती. त्याने केली नाही. टोपी काढून हातात धरली.

माझी वाइन गेली. बेसिल गेला.

१४ ऑक्टोबर

चार दिवस मार्थाशी बोललो नाही. आज बोललो. मीठ मागितलं. तीही धीराने म्हणाली, "पत्र लिहू नका. जाऊन या त्याच्याकडे. एक बाटली घेऊन जा." मी म्हटलं, बाटली घेऊन गाडीत बसलो तर बेड्या पडतील. मग बाटलीभर नाही, फादरांच्या चिठ्ठीसकट औषधाच्या छोट्या शिशीभर घेतली. मार्था म्हणाली, "तिथे जे बघाल त्याने दचकू नका." मी म्हटलं, डोंगर मी काय बघितले नाहीत? तुंगारेश्वर रोज दिसतो.

२७ ऑक्टोबर

काल संध्याकाळी घरी आलो. आता बसून लिहितो. एका दमात होणार नाही.

बसीन रोड स्टेशनातून निघालो तेव्हा ऑक्टोबरची तीच चिकट गरमी, सदरा पाठीला चिकटलेला. कसाऱ्याला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावलं. मी विचारलं का, तर समोरचा म्हातारा म्हणाला, "चढ आहे, बाबा. एकट्याच्याने होत नाही." घाटात कानाला दडे बसले. नाशिकला उतरलो तर अंगाला वारा लागला तो कोरडा. घाम कुठे गेला तेच कळेना. तिथून बसने, मग बैलगाडीने मिशनच्या बागेत.

बाग बघितली आणि माझ्या तोंडून किंकाळीच फुटली.

सगळं मारून टाकलेलं. टेकडीच्या उतारावर नुसते खुंट. एकाही वेलाला पान नाही. मुळांवरची माती काढलेली, मुळ्या उन्हात हाडांसारख्या उघड्या. जमिनीला भेगा. आणि एक तरुण बाई, डोक्यावर पदर, हातात कात्री, उरलेला एक हिरवा वेल सपासप छाटत होती. मी पिशवी टाकून धावलो.

"अगं ए! थांब! कोणी शिकवलं तुला? झाडं आहेत ती, शत्रू आहेत का तुझे? मुकादम कुठे आहे?"

तिने कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग पिशवीवरच्या 'गिरीज' अक्षरांकडे. पदर नीट केला, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली,

"मामंजी, उन्हातून आलात. आत चला."

मला वाटलं तिकडे म्हाताऱ्या माणसाला असंच म्हणत असतील. मी म्हटलं, "आत नंतर. आधी बेसिलला बोलाव. त्याची बाग मारून टाकली तुम्ही."

"मरत नाहीत, मामंजी. झोपलीत. पंधरा दिवसांनी या, सगळी फुटतील."

तेवढ्यात बेसिल खोलीतून बाहेर आला. त्याच्या खांद्यावर मार्थाचं जांभळ्या काठाचं लुगडं होतं. आणि लुगड्यात मूल.

मी म्हटलं, "हे कोणाचं?"

"तुमचं," बेसिल म्हणाला.

बाईचं नाव मालन. तिथल्याच मळेकऱ्याची मुलगी. बाप्तिस्मा घेऊन मागच्या वर्षी मिशनच्या देवळात लग्न झालं. मार्थाला ठाऊक. रिटाला ठाऊक. जयरामलाही ठाऊक असेल, टोपी काढली त्याने. ठाऊक नाही तो एकटा मी. बेसिल म्हणाला, "बाबा, नाताळात सांगायला आलो होतो. तुम्ही दोन्ही दिवस वेलच दाखवत होता."

लग्नाचा धक्का मी गिळला असता. मी विचारलं, पोराचं नाव काय ठेवलं? तो म्हणाला, "अजून बाप्तिस्मा व्हायचाय. तुम्ही याल, तुम्ही धराल, म्हणून थांबलो."

"किती महिन्याचा?"

"दोन झाले."

मग मात्र मी ओरडलो. दोन महिने पोर बाप्तिस्म्यावाचून! त्याला काही झालं असतं तर? माझ्यासाठी थांबलात? मी कोण, पोप? असं मी तोंडाला येईल ते बोललो. मूल रडायला लागलं. मालन त्याला घेऊन आत गेली.

बेसिलने शिशी उघडली. जिभेवर घोट घोळवला आणि म्हणाला, "वाइन छान आहे, बाबा. पण यात द्राक्ष कमी आणि आईच जास्त आहे." मग स्वतःची दिली. मी एक घोट घेतला. कशी होती लिहिता येत नाही. तुरट, आंबट, गोड सगळं होतं, पण भांडत नव्हतं. तो म्हणाला, "दिवसा ऊन साखर करतं. रात्री गारवा आंबटपणा राखून ठेवतो. कोरडी हवा साल घट्ट करते. आपल्या वाडीत ऊन आहे, पण रात्र नाही. मी कितीही कष्ट केले तरी गिरीजला ही उंची कुठून आणू?"

मी विचारलं, "म्हणजे तू येणार नाहीस."

"वाइन मिस्साला घेतली असती, तरी नसतो आलो, बाबा. थट्टेत बोललो होतो मी. तुम्ही ते वचन म्हणून धराल असं वाटलं नव्हतं."

संध्याकाळी असा गारठा पडला की माझे दात वाजायला लागले. मालनने घोंगडी आणून अंगावर टाकली. सकाळी मी उठलो, पिशवी घेतली आणि निघालो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मालन दारात उभी होती. तिलाही काही बोललो नाही. बेसिल नाशिक स्टेशनात गाडीपर्यंत आला, मी खिडकीतून दुसरीकडे बघत राहिलो.

गाडी घाट उतरायला लागली तसा पुन्हा घाम.

३० ऑक्टोबर

मार्थाने फक्त एक प्रश्न विचारला. "नाक कोणासारखं?"

मला सांगता येईना. मी बघितलंच नाही.

५ नोव्हेंबर

द्राक्षाला पाणी तोडून नऊ दिवस झाले. बेसिलने सांगितलं तसं करून बघतो आहे. आज पानं गळायला लागली. मी दुपारी घागर घेऊन बावखलापर्यंत गेलो आणि परत आलो. जयराम कुंपणापलीकडून बघत होता. म्हणाला, "सोडा की, दादा. पानवेल लावू परत. रोपं मी देतो."

मी म्हटलं, "लाव."

मग तिथेच खाली बसून विचारलं, "जयराम, तुला पहिला नातू झाला तेव्हा काय केलंस?"

"काय करणार? धरला. मुतला अंगावर."

आम्ही दोघं बराच वेळ हसलो. मला मग हसू थांबवता येईना, आणि ते हसू राहिलं नाही.

६ नोव्हेंबर

बेसिल, वेगळं पत्र लिहायला बसलो तर चार फाडले. म्हणून डायरीचं हेच पान काढून पाठवतो. रिटा रागावेल, रागावू दे.

तू ये असं आता म्हणत नाही. वाइनचं वचनही मी सोडलं. मी येतो. मार्थाही येते. तिने कालच ट्रंक काढली, मी विचारलंही नव्हतं. बाप्तिस्म्याचा दिवस धर, लवकरातला लवकर, माझ्यासाठी आणखी एक दिवससुद्धा थांबवू नकोस. पण दिवस धरलास की कळव, म्हणजे मला धरता येईल. हात कापतात, पण मार्था खालून हात देईल. मालनला सांग, वेलाजवळ मी ओरडलो ते तिला नव्हतं. तिलाच होतं, पण ती कोण हे ठाऊक नव्हतं. सकाळी दारात बोललो नाही, तेव्हा मात्र ठाऊक होतं. ते तिला कसं सांगावं मला सुचत नाही. तूच सांग, किंवा सांगू नकोस, मीच आल्यावर सांगेन.

आणि पोराचं नाक कोणासारखं ते लिही. इथे तुझी आई रोज विचारते. दिवस आणि नाक, दोन्ही लवकर कळव, बाबा रे, मिळेल त्या पहिल्या टपालाने कळव.